डोळे गेल्याचा निरोप

मुंबईहून शिमग्याला घरी येणारा माणूस खाऊ आणतो, लुगडं आणतो, फार तर एखादा कंदील आणतो. मुरारी गिरणीतून डोळे घेऊन आला. दासगावच्या बंदरात बोटीतून उतरला तेव्हाच ते लालबुंद झाले होते. पण घरी पोचल्यावर त्याला कसला धीर! त्यानं आपल्या सात महिन्यांच्या मुलाला, गोमाजीला, पाळण्यातून उचललं आणि छातीशी धरलं. पोरगं जन्मल्यापासून त्यानं पाहिलं नव्हतं. पोरानंही बापाला पाहिलं नव्हतं. त्यानं बापाच्या झुबकेदार मिशीकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि असा टाहो फोडला की आंबेनळीच्या घाटातली गुरं वळून बघायला लागली असतील.

पुढे तेच होत राहिलं. मिशी दिसली की गोमाजी रडायचा. चौथ्या दिवशी मुरारीचे डोळे निवळले आणि त्याच सकाळी गोमाजीचे आले. पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटून बसल्या होत्या.

"अवो, पोर डोळं उघडत नाय!" आवडी, त्याची बायको, ओरडली आणि मुरारीनं मान खाली घातली. कारण हे कुणी आणलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं पोराला पोलादपूरपर्यंत खांद्यावर नेलं आणि तिथून सर्विस मोटारीनं महाडला. डॉक्टरांनी नाकाच्या टोकावरच्या चष्म्यातून गोमाजीला तपासलं.

"घाबरण्याचं काही कारण नाही. पाणी उकळून घ्या, त्यात बोरिक टाका, हात धुऊन कापसानं हलकेच पुसा. मग हे थेंब. काजळ अजिबात नाही. आणि पोराचं फडकं दुसऱ्या कुणी वापरायचं नाही, हा रोग फडक्यावरून पसरतो. एवढं कराल तर चार दिवसांत बरा. हयगय केलीत तर मात्र डोळे जातील."

एवढ्या लांब बोलण्यातले मुरारीच्या कानात दोनच शब्द राहिले. डोळे जातील.

घरी आल्यावर त्यानं चुलीचा ताबा घेतला. दिवसातून चार वेळा पाणी उकळायचं, चार वेळा हात धुवायचे. त्याची आई रंगूबाई काजळाची डबी घेऊन टपलेली असायची. ती डबी त्यानं भाताच्या कणगीत खोल पुरून टाकली. जुन्या धोतराचं मऊ फडकं फाडून पाळण्याशेजारी वेगळ्या दोरीवर टांगलं.

"ह्या फडक्याला हात लावशील तर बघ, आये!"

"माझा नातू, आन् मीच हात लावू नको?"

"नको!"

आणि एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. डोळे मिटलेले असल्यामुळे गोमाजीला मिशी दिसत नव्हती, आणि तो बापाच्या दंडावर मुकाट पडून राहायचा. मूठभर बोटांनी बापाचा अंगठा धरून ठेवायचा. मुरारीला ते फार आवडायचं, आणि आवडतं म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

चार दिवस झाले. चिपडं कमी होती, पण थेंबांची बाटली संपत आली. पाचव्या दिवशी गोमाजी उठायच्या आत मुरारी दुसरी बाटली आणायला एकटाच महाडला निघाला.

दवाखान्यात गर्दी होती. मुरारी बाकावर बसून नंबराची वाट बघत होता, तोच दारात त्याच्या वाडीतला महिपत उभा राहिला. दोन्ही हातांत बाजारात विकायला आणलेल्या कोंबड्या उलट्या धरलेल्या आणि तोंड उतरलेलं.

"मुरारी, तुझ्या आयशीनं निरोप धाडलान."

"काय?"

"गोमाजीचे डोळे गेले. दुसरी बाटली आणू नको म्हणाली. आता काय उपेग नाय."

"गेले? कधी?"

"तू भायेर पडलास आन् थोड्या वेळानं."

"दोन्ही?"

"दोन्ही. एकदमच."

"आय रडत व्हती?"

महिपतनं आठवून पाहिलं. "रडत नव्हती. पन हळू बोलली, इकडंतिकडं बघून. आन् म्हणाली, गावात कुठं बोलू नको."

म्हणजे खरंच होतं. मुरारीनं बाकावरच कपाळ बडवून घेतलं. आतून डॉक्टर धावत आले, त्यांच्या मागून म्हातारे कंपौंडर आले. हकीकत ऐकल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांचंही धाबं दणाणलं.

"तुम्ही त्या दिवशी बाटली कुठली दिलीत?" डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"साहेब, तुम्ही लिहिली होतीत तीच."

"मी कुठली लिहिली होती?"

कंपौंडरना ते सांगता येईना. डॉक्टरांनी पेशंट तसेच सोडून बॅग उचलली आणि ते मुरारीबरोबर मोटारीत बसले. मागच्या बाकावर कोंबड्यांसकट महिपतही चढला.

सगळ्या वाटेत मुरारी मोटारीच्या धुळीतून बाहेर बघत होता, सावित्री नदीचं पाणी, शेतं, आंब्याचा मोहोर, आणि जे जे दिसेल ते गोमाजीला आता दिसणार नाही, असं त्याच्या मनात येत होतं. ती मिशी काढून टाकली असती तर पोरानं चार दिवस हसून तरी बघितलं असतं. आता ते आपल्याला बघून कधीच रडणार नाही. या विचारासरशी त्याला हुंदका आवरेना. डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे आणि मधूनच स्वतःचा घाम पुसायचे.

पोलादपूरला मोटार थांबली. तिथं मुरारीची मावशी ठकूबाई राहत होती. गावात बोलू नको असं सांगितलेलं असल्यामुळे महिपतनं फक्त तिलाच सांगितलं. ठकूबाईचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला. ती रडायला लागली की ज्याचं कुणी गेलं नाही त्यालाही रडू फुटायचं. वाडीची चढण लागली तेव्हा मागे दहा-बारा माणसं जमली होती, आणि काय झालंय ते त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

आवडी पाण्याला गेली होती आणि रंगूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिनं वर पाहिलं तर बहीण ऊर बडवत येतेय, मागं माणसं, त्यांच्यात बॅगवाला डॉक्टर, आणि मुरारी कुठंच नाही! तो बिचारा सगळ्यांच्या मागं पाय ओढत येत होता.

"माझ्या मुरारीला काय झालं गोऽ!" म्हणून तिनं मिरच्यांतच बसकण मारली.

आता रडायला दोघी झाल्या. मंडळी घरात शिरली. ठकूबाईनं दोरीवरचं मऊ फडकं ओढलं, डोळे पुसले आणि शेजारणीला दिलं. शेजारणीनं महिपतला दिलं. चढणीनं घामाघूम झालेल्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि हाताला आलेल्या त्याच फडक्यानं तोंड, कपाळ, डोळे स्वच्छ पुसून घेतले.

एवढ्यात मुरारी आत आला. तो कुणाकडेही न बघता पाळण्यापाशी गेला. गोमाजी डोळे मिटून पडला होता. मुरारीनं त्याला उचललं. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

गोमाजीनं डोळे उघडले. काळेभोर, लख्ख, धुतलेल्या करवंदांसारखे डोळे. त्यानं ते बापाच्या मिशीवर रोखले, ओठ काढला आणि घर डोक्यावर घेतलं.

"रडला!" मुरारी नाचायलाच लागला. "मला बघून रडला! दिसतंय रे, माझ्या पोराला दिसतंय!" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पोर जितकं ओरडेल तितका तो हसत होता.

डॉक्टरांनी घड्याळाची साखळी गोमाजीपुढे हलवली. त्यानं ती बरोबर पकडून तोंडात घातली. डॉक्टर मटकन खाली बसले.

"आजी," ते म्हणाले, "डोळे गेले असा निरोप धाडलात तुम्ही?"

"मग? आलेवते ते गेले. आले तवा आले म्हनलं, गेले तवा गेले म्हनलं. आनखी काय म्हनायचं?"

"पोर बरं झालं म्हणायचं!"

रंगूबाईनं घाबरून तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला, डॉक्टर! बरं झालं असं कुनी बोलतं काय? दृष्ट लागंल ना माझ्या नातवाला!" आणि तिनं अंगणातल्या मूठभर मिरच्या आणून गोमाजीवरून ओवाळल्या, त्याच्यामागोमाग डॉक्टरांवरूनही.

आठवड्यात मुरारी पुन्हा महाडला गेला, या वेळी ठकूबाईसाठी, शेजारणीसाठी आणि महिपतसाठी थेंब आणायला. जाताना त्यानं मिशी मात्र काढली नाही. दवाखान्याचं दार बंद होतं. बाहेर पायरीवर पाचाडचा एक म्हातारा कपाळाला हात लावून बसला होता. दारावर कंपौंडरांच्या वळणदार अक्षरातली पाटी टांगली होती.

"काय लिवलंय रे तिच्यावर? मला वाचता येत नाय."

मुरारीनं वाचून दाखवलं, "डॉक्टरसाहेबांचे डोळे आले आहेत. डोळे गेले की डॉक्टरसाहेब येतील."

म्हातारा हळहळून चुकचुकला. "अरेरे! डोळे गेल्यावर येऊन काय करनार बिचारा?"