तेरवीला कोणीच हसलं नाही

मंडळी, पुस्तक निवडावं तर आम्हीच! टरबूजवाला जसा नुसत्या टिचकीवर आतला रंग सांगतो, तसा मी मुखपृष्ठावर हात फिरवून आतला मजकूर सांगतो. उघडून बघायची गरजच काय? चौतीस वर्षं कॉलेजात आफ्रिका खंड शिकवला, तो काय तिथे जाऊन शिकवला?

म्हणूनच अमरावतीतल्या आमच्या कॉलनीच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याचं पुस्तक निवडायचा मान माझ्याकडे होता. 'होता' म्हणतोय मी, लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी अकोल्याला एका प्रकाशन समारंभात मी प्रमुख पाहुणा होतो. आमच्याकडे प्रमुख पाहुण्याला शाल मिळते, नारळ मिळतो आणि निघताना गाडीच्या डिकीत पुस्तकांचा गठ्ठा मिळतो. "तुमच्या मंडळात वाटा जी!" लेखक होते वामनराव. वय ऐंशीच्या घरात, जन्मात लिहिलेली ही एकच कादंबरी. नाव 'पुंजारामची तेरवी'. मुखपृष्ठावर रिकामी पत्रावळ, आणि तिच्याकडे टक लावून बसलेला कावळा. मी भाषणात पुस्तकाला हातही न लावता वऱ्हाडच्या काळ्या मातीवर बोललो आणि टाळ्या घेऊन घरी आलो.

गठ्ठा दिवाणावर पडला. आमची बायको कौशल्या रोज झाडू मारताना तोफ डागायची, "हे तेरवीचं गाठोडं घराबाहेर काढा पहिले! पाहुणा आला तं बसवू कुठी?"

झालं! पुढच्या बैठकीत मी गठ्ठाच घेऊन गेलो. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका संध्याताईंनी एक सहाशे पानी पुस्तक पुढे केलं होतं. ते बघूनच माझी मान दुखायला लागली. म्हटलं, आता मोठा बाण सोडल्याशिवाय भागायचं नाही.

"ताई, ही तेरवी मी तीनदा वाचली! आणि तिन्ही वेळा रडलो!"

कट्ट्यावरच्या बेबीताईंचे डोळे जागच्या जागी भरून आले. त्यांचे डोळे दुधाची जाहिरात बघूनही भरून येतात, पण त्या दिवशी ते कामी आले. पुस्तक एकमताने पास! मी सढळ हाताने प्रती वाटल्या. शेवटची उरलेली आमचे सभासद देवमनराव, त्यांच्या व्याह्यांना दिली. ते कट्ट्याचे सभासदही नव्हते, नुसते देवमनरावांना न्यायला आले होते. घरी येऊन ग्रुपवर निरोप टाकला, 'तिसऱ्या प्रकरणापासून रुमाल जवळ ठेवावा.'

आठवड्याभराने संध्याताईंचा फोन आला.

"सर, मी वामनरावायले बलावून घेतलं! अकोला काही दूर आहे का? रविवारी सकाळच्या बसनं येऊन राहिले."

"अहो, पण त्यांची तब्येत..."

"तब्येत ठणठणीत आहे! फोनवरच गहिवरले हो बिचारे. म्हणे, पुस्तक निघून वरीस झालं, पण 'वाचलं' म्हणणारा माणूस पहिल्यांदाच भेटला!"

तो 'पहिला माणूस' मी होतो! आता तरी वाचायला हवं होतं, पण घरात प्रत कुठे होती? देवमनरावांकडे गेलो.

"तुमची प्रत द्या बरं दोन दिवस."

"तीनदा वाचली ना सर? आता चौथ्यांदा काहून?"

"नाही... सहजच."

"मले तं बीपी आहे भाऊ. डॉक्टरनं सांगतलं, टेंशन घेऊ नका. म्हणून मी उघडलीच नाही. तुमी बोलसान, त्याच्यात मी मान हालवतो."

हे ऐकून मी चक्क निर्धास्त झालो. न वाचणारे दोघे झालो, म्हणजे जवळजवळ बहुमतच की! पुढे कळलं, संध्याताईंच्या मुलीचं लग्न होतं. "मांडवाच्या घरात तेरवी कशी उघडू?" बेबीताई तर नाव वाचूनच रडल्या होत्या. थोडक्यात, कॉलनीभर तेरवी पसरली होती आणि एकीचंही पान उलटलेलं नव्हतं.

रविवारी वामनराव आले. नवा सदरा, नवं धोतर, केसांना तेल. नवरदेव मांडवात येतो तसे आले आणि हात जोडून बसले. आमच्या कट्ट्याचा रिवाज असा, की ज्याने पुस्तक निवडलं त्याने आधी बोलायचं. मी उठलो आणि सुटलो! पुंजारामच्या विधवेचा आक्रोश, उघडी पडलेली लेकरं, मृत्यूची गडद छाया... काय काय बोललो! देवमनराव मान हलवत होते. बेबीताईंचा पदर ओला झाला.

वामनराव माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सर, मी एक पान वाचून दाखवू का?"

त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले. पुंजाराम चांदूर बाजारला गोऱ्हा आणायला जातो आणि तिकडेच साडूकडे मुक्काम ठोकतो. इकडे गाव त्याला मेला समजून तेरवी घालतं. नेमका त्याच दिवशी तो परततो. घाई-गर्दीत त्याला कोणी ओळखत नाही. पुंजाराम भुकेला, पंगतीत बसतो, तीन बुंदीचे लाडू हाणतो आणि वाढणाऱ्याला विचारतो, "भाजीत मीठ कमी आहे बे! मेलं तरी कोण?"

इथे वामनराव थांबले. चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं. ओठांच्या कोपऱ्यात हसू तयार ठेवून वाट बघत राहिले.

"अरेरे!" बेबीताईंनी हुंदका दिला. "आत्मा भुकेला आला हो बिचाऱ्याचा!"

"च् च् च्," देवमनराव म्हणाले.

वामनराव आणखी एक परिच्छेद वाचून पुन्हा थांबले. पुन्हा "च् च् च्"! मंडळी, मला कळलं होतं! माझ्या पोटात हसू उकळत होतं. तेव्हा मी नुसता एकदा खो खो हसलो असतो, तर त्या म्हाताऱ्याची सगळी मेहनत वसूल झाली असती. पण तीनदा रडलेला माणूस हसणार कसा? मी रुमाल काढला आणि डोळे पुसले. आजही आठवलं की मला माझीच किळस येते.

वामनरावांनी पुस्तक मिटलं. "आमची घरवाली दुर्गा म्हणे, तुमच्या लिखाणावर कोणी हसणार नाही. मी तिच्यासंग भांडलो होतो." चहा अर्धा टाकून ते बसस्टँडकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी देवमनरावांची प्रत अक्षरशः हिसकावून आणली. दुपारी वाचायला बसलो तो दिवाणावरून खाली येईस्तोवर हसलो. कौशल्या स्वयंपाकघरातून धावत आली, "काय झालं जी? लकवा तं नाही मारला?" मी तिला सगळं सांगितलं. तिने एकच वाक्य म्हटलं, "फोन लावा त्यायले. आत्ताच्या आत्ता."

लावला.

"काका, पुस्तक फार विनोदी आहे हो! हसून हसून मेलो मी!"

"राहू द्या सर," ते शांतपणे म्हणाले. "दुसरीबी विनोदीच लिहून राहिलो होतो. बांधून ठेवली. आता दुःखाची घेतली लिहाले. ते तुमाले अर्पण करतो."

म्हटलं, आता खरं बोलल्याशिवाय सुटका नाही.

"काका, ऐका माझं. त्या दिवशी मी पुस्तक वाचलंच नव्हतं! उघडलंसुद्धा नव्हतं! मुखपृष्ठ बघून बोललो!"

वामनराव मायेने म्हणाले, "कावून खोटं बोलता सर? माह्यं मन राखाले ना? स्वतः न वाचता दुसऱ्यायले पुस्तक वाचाले लावीन, असा नालायक माणूस आपल्या वऱ्हाडात तरी पैदा व्हायचा आहे!"

मी "हो काका" म्हणालो. आणि पुस्तक निवडायचा मान त्याच दिवशी संध्याताईंच्या हवाली केला.