कुलथेकाकांच्या वहीतलं प्रश्नचिन्ह

मतदानाच्या दिवशी आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत कुणी कुणाला नमस्कार करत नाही. डाव्या हाताचं बोट दाखवतात. कारण फाटकात कुलथेकाका खुर्ची टाकून बसलेले असतात आणि शाई पाहिल्याशिवाय ते माणसाला आत सोडत नाहीत. नुसतं बघून त्यांचं समाधान होत नाही, घासून बघतात. मागच्या खेपेला माझं बोट इतकं घासलं, की शाई राहिली आणि कातडी गेली.

"काका, वाघोलीला लग्न होतं. तिथूनच येतोय," दुसऱ्या मजल्यावरचे जोशी एकदा म्हणाले.

"पत्रिका?"

"घरी आहे."

"मग बोट दाखवा. ते बरोबर आणलंय ना?"

काकांनी तीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासले. मेलेला माणूस खरंच मेलाय का, हे बघायचा पगार घेतला. एकदा म्हणे तेराव्याला जेवून आले आणि त्यांनी दावा फेटाळला. शेरा काय, तर इतके चांगले लाडू दुःखात वळता येत नाहीत. ही गोष्ट मीच पसरवलीय, पण काकांनी ती कधी नाकारलेली नाही. कुणी काहीही सांगा, त्यांचा प्रश्न एकच: "पुरावा?" त्यांना 'आज उकडतंय हो' म्हणायचीसुद्धा मला धास्ती वाटते.

त्यांच्याकडे एक निळी वही आहे. सोसायटीतला प्रत्येक मतदार तिच्यात आहे, आणि नावापुढे पेन्सिलीने त्याचा पक्ष. कुणाच्या रद्दीत कुठला पेपर, कुठल्या नेत्याच्या भाषणाला कुणाच्या टीव्हीचा आवाज वाढतो, यावर हे संशोधन चालतं. माझ्यापुढे 'डळमळीत, लक्ष ठेवणे' असं लिहिलंय. काकांचा स्वतःचा पक्ष मी सांगणार नाही. उगाच तुम्ही माझ्याकडे संशयाने बघाल.

पण त्यांचा खरा भरवसा टेबलांवर. शाळेतल्या मतदान केंद्रापासून जरा लांब, रस्त्याकडेला, एकेका पक्षाचं टेबल मांडलेलं असतं. तिथे यादीत आपलं नाव शोधून चिठ्ठी देतात. माणसाची पावलं आपोआप ज्या टेबलाकडे वळतात, तो त्याचा पक्ष. "तोंड खोटं बोलेल, पाय नाही बोलत," काका म्हणतात.

या सिद्धांताला एकाच बाईने सुरुंग लावला होता. त्यांच्या बायकोने. सुमनकाकू सगळ्या टेबलांवर जायच्या. प्रत्येक ठिकाणी नाव सांगायच्या, चिठ्ठी घ्यायच्या, "बरं हं, बाळा" म्हणायच्या आणि पाच पक्षांच्या पाच चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या हातात धरून मत द्यायला जायच्या.

"अगं, दिलंस कुणाला?"

"मतदान गुप्त असतं," असं म्हणून काकू कुकर लावायच्या.

चाळीस वर्षं हे चाललं. त्यात महापालिकेला एकेकाने चार-चार उमेदवारांना मत द्यायचं. "चार बटणं! म्हणजे ही माझ्यापासून एकदम चार गोष्टी लपवते!" काका जिन्यात मला धरून म्हणाले होते. "घरातच फितुरी आहे हो. फक्त पुरावा नाही." वहीत काकूंपुढे प्रश्नचिन्ह होतं. दर निवडणुकीला ते गिरवून गिरवून शेवटी कागद फाटायला आला.

गेल्या वर्षी काकू गेल्या.

यंदा महापालिकेच्या मतदानाला फाटकात खुर्ची नव्हती. मला तिथेच संशय आला. शाळेपाशी गेलो, तर काका पहिल्या टेबलासमोर उभे. मी वडापावच्या गाडीमागे दडलो.

"सुमन वसंत कुलथे. बघा जरा."

टेबलावरच्या बाईंनी यादीवरून बोट फिरवत मोठ्याने वाचलं, "कुलथे सुमन वसंत. आहे, काका. काकू कुठेयत?"

"येतेय मागून. बरं हं, बाळा."

दुसऱ्या टेबलावर तेच. तिसऱ्यावरही. लोकांची मरणं तपासणारा माणूस मेलेल्या बायकोच्या नावावर मत टाकणार? मी वडा तसाच टाकून मागोमाग आत घुसलो. काकांनी स्वतःचं ओळखपत्र दाखवलं, स्वतःचं मत दिलं आणि बाहेर आले. पाचही चिठ्ठ्या हातात तशाच.

शाळेच्या कट्ट्यावर बसून त्यांनी त्या एकेक करून वहीत ठेवल्या.

"यादीतून नाव काढायला अर्ज द्यावा लागतो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "उद्या देणार आहे. म्हटलं, त्याआधी पाच जणांच्या तोंडून ऐकून घ्यावं." मग वही उघडून प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "हे मात्र आता कळायचं नाही."

माझ्या तोंडाला खोटं सुचायला कधीच वेळ लागत नाही.

"काकू माझ्या आईला सांगायच्या," मी म्हणालो. "चारही मतं तुमच्याच पक्षाला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'पुरावा?'ची वाट बघत होतो. तो आला नाही.

"चारही?"

"चारही."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक बघितलं.

"तीन लिहितो," ते म्हणाले. "एक राहू दे तिचं तिच्याकडे."