तीन नंबरचा काळा प्लग

ट्रक पुलाच्या चढावर बंद पडला होता, माझ्या छातीत कळ येत होती, आणि माझा दीर मला सांगत होता, "वहिनी, तुम्ही माझ्या जागी बसा, मी तुमच्या जागी बसतो. कळ सीटची आहे की तुमची, बघू."

जनूभावजी सगळ्या दुनियेला असंच तपासतात. मोरिवलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची ट्यूब लुकलुकली की ती माझ्या घरात लागते आणि माझी त्यांच्याकडे जाते. लुकलुक ट्यूबबरोबर आली तर दोष ट्यूबचा, तिकडेच राहिली तर वायरीचा. इथवर मला पटतं. पण माझा मुलगा आणि सून जेवताना भांडायला लागले, तेव्हा भावजींनी दोघांना एकमेकांच्या पाटावर बसवलं. भांडण पाटाचं नाही, एवढं कळलं. "जागा बदला, खोट आपोआप पुढे येते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

त्यात त्यांनी आपल्या जुन्या गॅसवरच्या ट्रकचं इंजिन उल्हासनगरला कॅम्पातल्या एका मिस्त्रीकडून खोलून नव्याने बांधून घेतलं. इंजिनाच्या चार सिलिंडरना ठिणगी देणारे चार प्लग. तिघांचं तोंड राखाडी, कोरडं. तीन नंबरचा मात्र काळा आणि तेलकट, तव्याच्या बुडासारखा. मिस्त्री म्हणाला, प्लग डुप्लिकेट आहे. भावजींनी तीनचा प्लग एकात घातला, एकचा तीनात. तीनात गेलेला चांगला प्लग काळा होऊन आला. मग वायरी बदलल्या, कॉइल बदलली. काळं तीन नंबर सोडून हललं नाही. मिस्त्री म्हणाला, मग पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल खालून चढतंय. भावजींनी चारही सिलिंडरांचा दाब मोजून आणला. सारखा निघाला, म्हणजे रिंगा ठीक.

दुपारी ते जांभळाखाली बाज टाकून पडत आणि आधी काढलेले जुने प्लग पोटावर ओळीने मांडत. इंजिन चालूच. पानांमधून ऊन गळायचं, कारखान्यांकडून कसलासा गोडसर वास यायचा. डोळे मिटून म्हणायचे, "ऐका वहिनी. तीन पावलं नीट टाकतं, एक ओढतं." मला नुसती घरघर ऐकू यायची. पण एकदा ऐकता ऐकता माझी तांदूळ निवडणारी बोटं थांबली, ती किती वेळ ते माहीत नाही. त्या दिवशी भात उशिरा झाला आणि सुनेने मला विचारलं, झोपला होतात का. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार?

शेवटी त्यांच्या ध्यानात आलं. ट्रक लांब पळून आला की प्लग कमी काळा, जागेवर धुगधुगत राहिला की जास्त. म्हणजे तेल वरून गळतंय. वरचं झाकण मिस्त्रीकडून आपल्यासमोर उघडून घ्यायचं म्हणून ते निघाले, आणि मला पडद्याचं कापड घ्यायचं होतं म्हणून मी बरोबर चढले.

तर पूल. त्यांनी चाकामागे दगड लावला, माझ्या बाजूने वर चढले, मी सरकत स्टिअरिंगपुढे गेले. मागे हॉर्न वाजत होते, पण ते पाण्याखालून आल्यासारखे. ऊन पांढरं झालं होतं. पुलाचे कठडे हळूहळू झुलत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. एक मोटरसायकलवाला खिडकीशी थांबून म्हणाला, "आजी, काढा की गाडी." मी त्याला म्हटलं, शिकवायला ये.

कळ माझ्याबरोबर आली होती. डाव्या हातातही उतरली होती. पण या माणसाची तपासणी एकदाची संपावी म्हणून मी म्हटलं, "हो, इकडे बरं वाटतंय."

भावजींचा हात दाराच्या मुठीवर गेला. मग म्हणाले, "सुमनपण हेच म्हणाली होती."

सुमन त्यांची बायको, माझी जाऊ. तिला अशीच कळ यायची, तेव्हा भावजींनी तिला माझ्या खाटेवर झोपवलं. सकाळी ती म्हणाली, बरं वाटतंय. भावजींनी आपली खाट भंगारात देऊन टाकली.

ते उतरले. पुलावर आडवे उभे राहून रिक्षा थांबवली. ज्या ट्रकला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, तो किल्लीसकट तिथेच सोडला. रिक्षात माझं मनगट धरून बसले होते. मी म्हटलं, दुखतंय, हात सोडा. सोडला नाही.

दवाखान्यात माझ्या हृदयाची तुंबलेली नळी उघडली. तिकडे ट्रक मिस्त्रीकडे ओढून नेला होता. मिस्त्रीचा फोन आला, वरचं झाकण उघडतोय, चाचा, बघायला या. भावजी म्हणाले, तू उघड. ते माझ्या खाटेपाशी स्टुलावर बसून होते. इंजिन बांधताना तीन नंबरच्या वॉल्व्हला तेल अडवणारं रबर बसवायचंच राहिलं होतं, हे त्यांना फोनवरच कळलं. बरं, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मला विचारलं, "कळ आहे? खरं सांगा."

"नाही," मी म्हटलं.

पुन्हा विचारलं. तेव्हा खरंच नव्हती.

सुमन गेली त्या कळेने. मी वाचले.