सागर रंगराव यांणी परमुलखाचा गोल राखिला, त्याची हकीकत

ग्रामदैवत मारुतीरायाचे पायी मस्तक ठेवून, समस्त गावकरी यांची आज्ञा जाहली की, यंदा पोळ्याचा मान कोणाकडे राहिला व का राहिला, हे पुढे तंटा न व्हावा म्हणोन लिहून ठेवणे. त्यावरून यथास्थित लिहिले ऐसे जे:

मोताळे परगणियात आमुचे गाव. तेथे रंगराव नामे कास्तकार, कपाशी-सोयाबीनचे धनी. पोळ्याचे तोरणाखाली पहिला बैल उभा करण्याचा मान त्यांचे घराण्याकडे पिढीजाद. त्यांचे चिरंजीव सागर लहानपणी कारभारी नामे दुसरे कास्तकार यांचे भाजीच्या वावरात राखणीस होते. तेथे डुकरे आणि रोही यांचे पाठीस लागता लागता पायांस ऐसी गती आली की, शाळेचे फुटबॉलफौजेत सरदारी मिळाली, आणि मग विद्येचे निमित्ते न्यूझीलंड मुलखी कूच केले, आणि तेथेच चाकरी धरिली, आणि तेथील नागरिक जाहले, आणि बहुत वर्षे राखीव बाकावर मुक्काम करून अखेर त्या मुलखाचे फौजेची पिछाडी सांभाळण्याचा हुकूम पावले. गावात पेढे वाटिले. मग खबर आली की, पहिलीच मोहीम हिंदुस्थानावर. पेढे खाल्लेले लोक एकमेकांची तोंडे पाहू लागले.

पोळा तोंडावर आलेला. कारभारी या समयी सरपंचपदी विराजमान. त्यांणी देवळात दरबार भरवून फर्मान काढिले की, रंगरावांचे पुत्राने हिंदुस्थानाविरुद्ध पाय उचलिला तर तोरणाचा मान खालसा. कोणी मसलत दिली की, सागरांनी पाय लचकल्याचा बहाणा करून बाकावर बसावे, म्हणजे इभ्रतही राहील आणि मानही. रंगरावांस ती पटली, आणि मोबाईल लाविला, परंतु पुत्राचा आवाज ऐकोन पाऊसपाण्याचेच विचारीत राहिले. मग मातोश्री कौशल्याबाई यांणी मोबाईल आपले हाती घेतला.

"ज्यायचं खाऊन राह्यला, त्यायचं राख," म्हणाल्या. "बैलाचं आमी पाहू."

नेमिले दिवशी सकाळी गोकुळ दुकानदार यांचा टीव्ही देवळात आणोन स्थापिला. युद्ध तुंबळ जाहले. दोहींकडे गोल नाही. अखेरचे समयी हिंदुस्थानाने निकराचा हल्ला केला, आणि शत्रूचा गोलरक्षक पाय घसरून धारातीर्थी पडला, आणि गोल उघडा पडला, आणि समस्त गाव मुठीत गुलाल घेऊन उभे राहिले, इतक्यात सागर रंगराव यांणी कोठून येऊन अंग झोकून दिले आणि ऐन रेषेवरून चेंडू माघारी लाविला. शिट्टी वाजली. सामना बरोबरीत सुटला. गुलाल मुठीतच राहिला.

रंगराव उठले. "तोरन आता तुमचं," इतकेच कारभारींस बोलोन चपला शोधू लागले.

टीव्हीवर तोच प्रसंग पुन्हा दाखवीत होते, तो कारभारी पाहात राहिले. मग बोलिले, "रंगराव, सागर राखणीले होता तवा तुमचा मानाचा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी माह्या वांग्यात शिरला होता, आठवते का?"

"आठवते ना. यानंच कोंडवाड्यात नेऊन टाकला होता. घरचा बैल हाये, हेबी पाह्यलं नाही."

"तवा मी त्याले शाबासकी देली होती," कारभारी म्हणाले. "पुऱ्या बाजारात सांगत फिरलो. मंग आज कोन्या तोंडानं मान काढू?"

फर्मान जागीच रद्द जाहले. पोळ्याचे दिवशी रंगरावांचा बैल तोरणाखाली प्रथम उभा राहिला, आणि उरला गुलाल कारभारींनी स्वहस्ते त्याचे पाठीवर टाकिला. कौशल्याबाईंनी बैलास ओवाळिले, मग तेच तबक मोबाईलासमोर धरून चिरंजीवांस ओवाळिले. चिरंजीवांचे डोळे भरून आले, ते सर्वांनी पाहिले.

येणेप्रमाणे रंगरावांचा मान कायम जाहला, हे वर्तमान खरे. हिंदुस्थानाचा गोल तेवढा हुकला, त्याचे दुःख गावास आजही आहे, हेही नमूद असावे.