हस्तगत शेरवान्या

राज्ये शस्त्रांनी जिंकली जातात. त्यांचे सुवर्णमहोत्सव मात्र कपड्यांवाचून होत नाहीत. शौर्य एक वेळ उसने आणता येते, ध्येयनिष्ठा भाषणातून निर्माण करता येते, परंतु अठ्ठेचाळीस सालचा पायजमा अठ्ठ्याण्णव साली माफक दरात कोठून आणावा, हा प्रश्न भल्याभल्या राष्ट्रांना पडलेला आहे.

१९९८ साली मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती, तेव्हा आमच्या शहरात ‘मुक्तिसंग्राम सजीव देखावा समिती’ स्थापन झाली. कार्यालय उस्मानपुऱ्यात. अध्यक्ष काकासाहेब, मुकुंदवाडीचे जुने जमीनदार (जमिनीवर आता भूखंड आहेत व भूखंडांवर बंगले). चिटणीस अनंतराव वकील, ज्यांच्या घराण्याने चार पिढ्या सरकारदरबारी लेखणी चालवली. सरकार कोणाचे, याची चौकशी करण्याचा आगाऊपणा त्या लेखणीने कधी केला नाही. प्रस्तुत लेखक वेशभूषा-प्रामाण्य तज्ज्ञ होता. कपडे ऐतिहासिकदृष्ट्या अचूक व परवडणारे असावेत, आणि या दोहोंत मतभेद झाल्यास अचूकतेने माघार घ्यावी, असा ठराव पहिल्याच बैठकीत एकमताने संमत झाला.

प्रथम आम्ही गुलमंडीवरील ड्रेपरीवाले पुंजाराम यांच्याकडे गेलो. शाळांच्या स्नेहसंमेलनांना पोशाख भाड्याने देऊन या गृहस्थाने तीस वर्षे शहराचा इतिहास सांभाळला आहे.

“सायेब, इतिहास तीनच हायेत,” ते म्हणाले. “रामायण, मावळा आन् पुढारी. कंचा काढू?”

“आम्हाला निजामाचा तहसीलदार हवा आहे,” अनंतराव म्हणाले.

“तहसीलदार व्हय? मावळ्याला जाकीट घाला. टोपी बदलली की साल बदलतंय.”

(इतिहासलेखनाच्या पद्धतीविषयी इतके संक्षिप्त विवेचन मी अन्यत्र वाचलेले नाही.)

जाकीट नायलॉनचे निघाल्यामुळे समितीने वर्तमानपत्रांतून आवाहन केले. घरोघरच्या पेट्यांत त्या काळचे कपडे असतीलच. ते आणून द्यावेत. ज्याचा कपडा, त्या पूर्वजाचे नाव सतरा सप्टेंबरला व्यासपीठावरून स्वातंत्र्यसैनिक म्हणून वाचले जाईल. सोबत एक छोटा अर्ज. रकाने दोनच: ‘कपडा कोणाचा’ आणि ‘कसा मिळाला’.

प्रतिसाद अभूतपूर्व होता. आठ दिवसांत शेरवान्या अडतीस, रुमी टोप्या एकतीस (पैकी झुपका शाबूत, बावीस), खादी निरंक. दुसऱ्या रकान्यात अडतीसही घराण्यांनी, जणू एकाच शाईने, लिहिले होते: ‘शत्रूच्या अंगावरून हस्तगत.’

आता हिशेब पाहू. या शहराच्या चार-दोन मोहल्ल्यांतच शत्रूचे अडतीस अधिकारी वस्त्रहीन करण्यात आले. याच प्रमाणाने सबंध मराठवाड्याचा विचार केल्यास सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्ये निजामाची संपूर्ण कचेरी उघडी हिंडत असली पाहिजे. भारतीय फौजेला पाच दिवस तरी का लागले, याचे आश्चर्य वाटते. कदाचित ती लाजेने थांबली असेल.

शेरवान्यांच्या कॉलरखाली धोब्याने बिब्ब्याने घातलेल्या खुणा होत्या. त्या ताडून पाहता असे आढळले की प्रत्येक शत्रूची खूण त्याला पराभूत करणाऱ्या घराण्याच्या आद्याक्षराशी जुळते. शत्रूने मरण्यापूर्वी विजेत्याच्या नावाने कपडे धुवून घ्यावेत, ही दख्खनी तहजीब आता दुर्मीळ झाली. शिवाय मापे घेतली असता प्रत्येक शेरवानी देणाऱ्याच्याच नातवाला खांद्यापासून मनगटापर्यंत बसली. शिंप्याला एक टाकाही घालावा लागला नाही. समितीचे शिलाईचे सर्व पैसे वाचले. निजामी कचेरीत शेरवानी आणि रुमी टोपीशिवाय कारकुनालाही बसू देत नसत, हे तज्ज्ञ या नात्याने मी सांगू शकलो असतो. परंतु तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

नवव्या दिवशी मुकुंदवाडीहून सरूबाई आल्या. वय बासष्ट. हातात कापडात गुंडाळलेली एक बंडी.

“सरूबाई, तू कशी काय?” काकासाहेबांनी ओळख दिली, गाव एकच.

“बापाची बंडी हाय, मालक. फकिराची. पेपरात आलं म्हणं, कपडा आणला की नाव वाचतेत. तेवढं त्याचं नाव वाचा. दुसरं काय नको मला.”

अनंतरावांनी बंडी चष्म्याजवळ नेली. “ही खादी नाही. मांजरपाट आहे.”

“खादीला ऐपत लागती, वकीलसाहेब. आमच्या घरात ही एकच बंडी व्हती. हे बघा, आतून चोरखिसा. मायनं शिवलाय. सरहद्दीवरल्या लढणाऱ्यांच्या छावणीच्या चिठ्ठ्या ह्याच्यात जायच्या.”

“त्या चिठ्ठ्या आहेत का?”

“पोचवल्या की! ठिवायला व्हत्या व्हय?”

पोचलेली चिठ्ठी हा पुरावा होत नाही, ही कायद्याची मर्यादा अनंतरावांनी त्यांना सौम्यपणे समजावून दिली. सरूबाईंनी ऐकून घेतले, पण त्यांची नजर टेबलावरच्या शेरवान्यांवर होती. त्यांनी वरून तिसरी, काळी, उचलली.

“ही तुमची ना, मालक?”

“हस्तगत केलेली,” काकासाहेब म्हणाले. “सरहद्दीवर. आमच्या वडलांनी.”

“नाय. ही आमच्या दारात उभी व्हती. हिच्या आत तुमचे वडील व्हते. बाराची व्हते मी, समदं ध्यानात हाय. ही वरली गुंडी बघा, वायली हाय. मूळची बापानं झटापटीत तोडली. बंडी फाटून मायच्या हातात राह्यली अन् त्याला तसाच उघडा नेला. माघारी आला नाय.”

“ती गुंडी कुठे आहे?” अनंतरावांनी विचारले. प्रश्न योग्यच होता.

“मायनं भेवानं इहिरीत टाकली.”

मग समितीने, मला नमूद करताना अभिमान वाटतो, भावनेच्या आहारी न जाता कामकाज पूर्ण केले. इतिवृत्तातील नोंद अशी: ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदार श्रीमती सरूबाई यांनी क्रमांक तीनची शेरवानी निःसंशय ओळखली असून ती साल, स्थळ व गुंडी यांसह अस्सल सिद्ध होते. सबब प्रामाण्य प्रमाणपत्र क्रमांक एक अध्यक्षांच्या वडलांच्या नावे देण्यात यावे. बंडीबाबत स्वतंत्र साक्षीदार नसल्याने निर्णय राखून ठेवला.’ म्हणजे एकाच बाईची एकच साक्ष शेरवानीसाठी ग्राह्य आणि बंडीसाठी अग्राह्य ठरली. तर्कशास्त्रात याला नाव असेल. आमच्याकडे याला बहुमत म्हणतात. खाली तज्ज्ञाची सही आहे. अक्षर सुरेख आले आहे.

अनंतराव मनाने वाईट नव्हेत. बंडी अगदीच वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सुचवले, “देखाव्यात गर्दी लागणारच आहे, सरूबाई. गर्दीतल्या एखाद्याला घालू.”

सरूबाई बंडीची घडी घालत होत्या. “गर्दी कुठली आली, साहेब? त्या दिशी गर्दी नव्हतीच. समदं गाव कड्या लावून घरात. फटीतनं बघत व्हतं.”

सतरा सप्टेंबरला देखावा दृष्ट लागण्यासारखा झाला. अडतीस नातवंडांनी अडतीस शेरवान्या घालून शरणागती पत्करली व पलीकडे जाऊन, पांढरे सदरे चढवून, स्वतःचीच शरणागती स्वीकारली. (माणसे तेवढीच असल्याने हे अपरिहार्य होते, इतिहासातही बहुधा असेच काटकसरीने भागवलेले आहे.) अडतीस नावे वाचली गेली. एकोणचाळिसावे नाव वाचले गेले नाही. सरूबाई शेवटच्या रांगेत, नावे संपल्यानंतरच्या टाळ्या थांबेपर्यंत उभ्या होत्या.

तथापि समितीवर अन्यायाचा ठपका कोणी ठेवू नये. फकिराचे प्रकरण बंद झालेले नाही. मध्यंतरी शहराचे नाव बदलले, अध्यक्षपदी काकासाहेबांचे चिरंजीव आले. सरूबाई ऐंशी ओलांडून गेल्या आहेत आणि दर वर्षी पोळ्यानंतर एकदा येऊन चौकशी करतात. त्यांना दर वर्षी तेच खरे उत्तर दिले जाते: केवळ एक साक्षीदार हवा. कोणत्याही एका घराण्याने साध्या कागदावर लिहून द्यावे की, ‘आमचे वाडवडील त्या दिवशी लढत नव्हते. ते घरात होते, दाराला कडी होती, आणि फकिराला नेताना त्यांनी फटीतून पाहिले.’ एवढ्यावर नाव वाचता येईल. शुल्क नाही. मुदत नाही. आजवर अर्ज शून्य.

वाचकहो, यानिमित्ताने तुम्हालाच विनंती करणार होतो. पण क्षमा असावी, लक्षात राहिले नाही: तुमचेही आजोबा तेव्हा छावणीवरच होते.