डोमाजीची वीत

२०१८ साल. मी छप्पन वर्षांचा होतो, अन् रोज सकाळी बत्तीघराच्या खिडकीपुढे एक माणूस माझ्या कमरेवर वीत टाकून मोजायचा.

तो डोमाजी, मोहगावचा. सौसरकडच्या आमच्या मँगनीजच्या खाणीत उतरणाऱ्याला टोपीची बत्ती द्यायचं काम त्याचं. बत्तीची बॅटरी कमरेला असते. त्या साली बीपर आले, खाली लोडर गाडी जवळ आली की अंगावरच ओरडणारी डबी. सुट्टीच्या दिवशी लोडर चालू करायला लावून, त्याभोवती फेऱ्या मारून डोमाजीने शोध लावला, की बॅटरीला खेटून बांधला तर बीपर बहिरा होतो.

"मोटरपंपाजवळ रेडिओ खरखरते का नाही? तसंच हाय हे. एक वीत सोड, बाप्पा!"

पांढुर्ण्याच्या एका लग्नात त्याने नवरदेवाच्या खिशातला मोबाइल काढून माइकपासून वीतभर लांब ठेवला. मंगलाष्टकं थांबली होती!

घरी बसून त्याने प्रत्येकाच्या पट्ट्याला डावीकडे बीपरचा कप्पा शिवला. माझी डावी बाजू तीस वर्षांपासून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या डबीची. मी कप्पा कापून टाकला अन् बीपर बॅटरीशेजारी लावला. शिकलो चौथी, पण खाणीतलं मला कोणी शिकवायचं नाही. वरून साहेबाकडे तक्रारही केली, हा लाइन अडवून राहिला म्हणून.

तरी दुसऱ्या दिवशी त्याचा हात आलाच. मी सगळ्यांपुढे बोललो, "घरी कोणी नाही म्हणून लोकायच्या कमरा चाचपत राह्यते का बे?"

लोक हसले. डोमाजीने हात मागे घेतला.

त्याच पाळीत वळणावरून लोडर उलटा आला. माझा बीपर गप्प. सोबत्याचा वाजला, त्याने मला कॉलर धरून ओढलं. खर्र्याची डबी तेवढी चाकाखाली चपटी झाली.

वर आलो तर डोमाजी खिडकीतच. त्याची ड्यूटी केव्हाची संपलेली.

"घरी काऊन नाही गेला?"

"तुही बत्ती यायची होती ना." मग खाली पाहत म्हणाला, "तू बोलला ते खरं हाय. माह्या घरी येणारं कोणी नाही. म्हणून अठीच सगळ्यायची वाट पाहून घेतो."

त्याच्या हातात कागद होता. उद्यापासून लाकडाच्या गोदामात बदली. माझी तक्रार पोचली होती.

मी बत्ती ठेवली अन् घरचा, बोरगावचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत नवा माणूस होता. त्याने माझ्याकडे न पाहताच बत्ती दिली. मी रांग सोडून गोदामाकडे गेलो. डोमाजी बल्ल्या रचत होता. कापलेला कप्पा मी रात्री घरी माझ्या हाताने, वेड्यावाकड्या टाक्यांनी परत शिवला होता. बीपर त्यात घातला, अन् दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.