काखेतली बाटली

प्रयोगशाळेतली ऊब देणारी पेटी बंद पडली आणि दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणाला, तेव्हाच मुलीने ओळखलं की आता आठवडा गेला. ती एक जेल बनवत होती. कातडीखाली एकदा भरलं की त्यातून वेदनेवरचं औषध आठवडाभर थोडंथोडं झिरपायला हवं होतं. प्रत्यक्षात अंगाची ऊब लागली की जेल दुसऱ्याच दिवशी पाणी व्हायचं आणि मुलीचं तोंड एवढंसं व्हायचं.

घरी वडील अंथरुणाला खिळलेले. दुखणं बरं होणारं नव्हतं, आणि रोजच्या सुयांनी दंडावर जागा उरली नव्हती. मुलगी दुसरीकडे कुठे पेटी मिळते का बघायला निघाली, तर ते म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? माझ्या काखेत ठेव बाटली. पडूनच तर असतो. तेवढाच कामाला येईन."

शहाण्या माणसाने असं केलं नसतं. पण आशेपुढे कसलं आलंय शहाणपण? तिने औषध न घातलेल्या जेलची बाटली त्यांच्या काखेत दिली. रोज संध्याकाळी ती बाटली उलटी करून बघे आणि जेल जागचं हलत नसे. आठवडा झाला. तिने साहेबांना सांगितलं, साहेबांनी वरिष्ठांना, आणि वरिष्ठांनी थेट औषध कंपनीच्या पाहुण्यांनाच बोलावलं. तोवर पेटी दुरुस्त झाली होती, म्हणून बाटली रात्रभर तिच्यात ठेवली. सकाळी साहेबांनी झाकण काढून ती ऐटीत उलटी केली आणि सगळं जेल पाहुण्यांच्या बुटांवर सांडलं.

घरी येताच तिने आईला धारेवर धरलं. आईने जास्त ताणलं नाही.

"थंडीत ते परत घट्ट होतं, हे तूच नव्हतं का सांगितलंस? पाणी झालं की हे मला फ्रीजमध्ये ठेवायला लावायचे. तू यायच्या वेळेला परत काखेत. गार बाटलीने हुडहुडी भरायची, पण ऐकतील तर शपथ. तुझं उतरलेलं तोंड बघवत नाही म्हणाले."

मुलीला हसावं की रडावं कळेना, रडूच आलं. डोळे पुसून, रोजची सुई घेऊन ती आत गेली, ती चांगली खडसावायचं ठरवूनच.

"काय म्हणाले पाहुणे?" वडिलांनी विचारलं. "टिकलं?"

"टिकलं," ती म्हणाली. "आता रोजची सुई बंद, बाबा. ही शेवटचीच."

आठवडाभर स्वतः थापा मारलेला माणूस तो. त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दंड पुढे केला.

"वा," ते म्हणाले. "मग उद्या जरा लवकर ये. उद्याचीही शेवटची देऊन टाक."